फुकट वस्तूची तीन कोटेशनं

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीन कोटेशनांशिवाय कुठलीही वस्तू येत नसे. बाबा एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात होते. संध्याकाळी घरी आल्यावर ते चपला दाराबाहेर काढत, पण ऑफिसची पद्धत तेवढी आत घेऊन येत. प्रेशर कुकर घ्यायचा तर तीन दुकानांतले भाव, कूलरची खस बदलायची तर तीन माणसांना विचारणा, आणि मग रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्याची चर्चा. सगळ्यांत कमी भाव सांगणाऱ्याला ते एल-वन म्हणत, त्यामुळे आम्हीही तसंच म्हणायचो. आई पाहुण्यांना सांगायची, "मी पण एल-वन म्हणूनच आले या घरात. बाकीच्या दोन स्थळांच्या अटी जास्त होत्या." बाबा यावर हसत नसत. "तांत्रिक पात्रता पण बघितली होती," एवढंच म्हणत आणि पेपर वर करत.

ते टेबल घडीचं होतं आणि त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली दुमडलेला पुठ्ठा असायचा. रविवारी त्यावर पोह्यांची परात यायची. हिवाळ्यात पोह्यांत पोह्यांइतकेच मटार असत, कारण दिल्लीत त्या दिवसांत मटार सोलणं हा बायकांचा चोवीस तासांचा उद्योग असतो. वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाई हार्मोनियम काढायच्या, खालून कबाडीवाल्याची लांबलचक हाक यायची, आणि आई खिडकीतून भाजीवाल्याला ओरडायची, "भैया, कल के मटर में आधे दाणे पोचट निघाले!" 'पोचट' त्याला कसं कळत असे देवाला ठाऊक, पण तो मूठभर मटार जास्त घालायचा.

भाव करायला मात्र आई मला पाठवायची. मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून बाजारात माझा हात धरून नेलं जायचं आणि वस्तू आवडली की आई बाजूला व्हायची. माझा आवाज मोठा होता आणि राग खरा होता. खोटा राग दुकानदार ओळखतात. खऱ्या रागाचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. आज नोएडात माझं स्वतःचं ऑफिस आहे, माणसं हाताखाली आहेत, आणि मोठ्या कंपन्यांचे टाय लावलेले विक्रेते समोर बसून दर सांगतात, तेव्हाही मी तेच करते. फक्त आता ओरडावं लागत नाही, पेन खाली ठेवलं तरी पुरतं.

ही गोष्ट घडली त्या वेळी मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. माझा मोठा भाऊ सुहास, आमचा दादा, इंजिनियर होऊन गुडगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. सकाळी त्याला न्यायला गाडी यायची. कॉलनीतल्या बायका गच्चीवरून ती गाडी बघायच्या. घरात एकच कॉम्प्युटर होता, बैठकीच्या खोलीत, आईने विणलेल्या झाकणाखाली. तो दादाच्या शिक्षणासाठी घेतलेला, म्हणून त्याचा पासवर्ड दादाकडे. मला वापरायला मिळायचा, पण त्यावर नवीन काही टाकायचं तर दादाने बसून परवानगी द्यायची. मी त्याच्याच पुस्तकांवरून पर्ल नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले होते. ती पुस्तकं त्याने अर्ध्यावर सोडली होती, मी शेवटच्या पानापर्यंत गेले. ही भाषा मजकुरावर काम करायला फार चांगली. शब्द शोधा, तोडा, जोडा, बदला. मला ती भाव करण्यासारखीच वाटायची. समोरचं कुठे वाकतं हे एकदा कळलं की काम झालं.

बाबांना वाटत होतं की मी क्लार्कच्या सरकारी परीक्षेला बसावं. परीक्षा हिवाळ्याच्या शेवटी होती. मला बसायचं नव्हतं. एकदा त्या रस्त्याला लागले की मी लागलेच, हे मला दिसत होतं. मी हुशार होते, पास झाले असते, आणि पास झालेल्या मुलीला नोकरी नको म्हणायची सोय आमच्या घरात नव्हती.

अशा वेळी मुजावर काका आले. ते आर. के. पुरममध्ये राहायचे, मूळचे साताऱ्याकडचे. अनुवादाच्या सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांनी घरीच मराठी टाइपसेटिंगचं काम सुरू केलं होतं. शेती, लसीकरण, बचतगट अशा विषयांच्या पुस्तिका ते आपल्या राज्याच्या कार्यालयांसाठी करून द्यायचे. त्यांची अडचण अशी की इतक्या वर्षांचा सगळा मजकूर एका जुन्या फॉन्टमध्ये होता. पडद्यावर मराठी दिसायचं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती नुसती इंग्रजी अक्षरं असायची. फॉन्ट काढला की सगळा कचरा. आता वरून हुकूम आला होता की यापुढे मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये टिकेल अशा अक्षरांत, द्यायचा. कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात एक अधिकारी येऊन राहणार होते आणि त्यांच्या हाती सगळं सोपवायचं होतं.

"परत टाइप करायचं म्हटलं तर मी मरेन आणि पुस्तिका राहतील," मुजावर काका चहा ओतून घेत म्हणाले. "तुझ्या मशीनकडून होईल का, पोरी?"

"होईल," मी म्हणाले. दादा तिथेच बसला होता. तो म्हणाला, "काका, तिला विचारू नका, ती सगळ्यालाच होईल म्हणते."

काका गेल्यावर मी बाबांशी सौदा केला. हे काम मी परीक्षेच्या आधी पुरं केलं आणि काकांनी ते स्वीकारलं, तर परीक्षा नाही. मी हाच उद्योग करणार. नाही झालं, तर मी निमूट परीक्षेला बसणार आणि पुढे जे होईल ते. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "मंजूर. पण पद्धतशीर करायचं. आधी साधनसामग्रीचं ठरव."

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल, कारण माझ्या वयाच्या वाचकांना वाटतं की भाषा म्हणजे एकच असणार. भाषा एकच असते, पण ती तुमच्या मशीनवर कुणीतरी बांधून आणून द्यावी लागते, आणि बांधणारे वेगवेगळे. विंडोजसाठी पर्लची तेव्हा दोन मुख्य गाठोडी होती. एक एका कंपनीचं. त्यात भाषेबरोबर लागणारे जादा भाग, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, ते कंपनीच्या भांडारातून तयार मिळायचे. दुसरं स्वयंसेवकांनी केलेलं, त्याचं नाव स्ट्रॉबेरी. त्यात तयार भाग कमी, पण ते भाग स्वतः बनवायचं यंत्र, म्हणजे कंपायलर, सोबत दिलेलं. आईला मी सांगितलं होतं, एकात दळलेल्या पिठाचे डबे आहेत आणि दुसऱ्यात गहू आणि जातं. दोन्ही फुकट. आजही माझ्या ऑफिसात पोरं पायथनचं कुठलं गाठोडं घ्यावं यावर दिवसभर वाद घालतात. मी त्यांना एवढंच विचारते की तुम्हाला हवं ते पीठ दुकानात नसेल त्या दिवशी काय करणार. निम्म्यांना प्रश्न कळत नाही.

माझी निवड तेव्हाच झाली होती. काकांच्या जुन्या फायलींच्या पोटातून मजकूर बाहेर काढायला एक मॉड्यूल लागणार होतं, थोडं अडगळीतलं, क्वचित कुणी वापरणारं. असलं पीठ दुकानात असेलच याची खात्री नव्हती. मी बाबांना सांगितलं, स्ट्रॉबेरी टाकू दे. बाबा म्हणाले, "तीन कोटेशनं आण."

"बाबा, दोन्ही फुकट आहेत."

"फुकट वस्तू तर जास्त बघून घ्यावी. विकत घेतलेल्या वस्तूला निदान विकणारा असतो."

"आणि तिसरं कुठून आणू? दोनच आहेत."

"तिसरं नेहमी असतं," बाबा म्हणाले. खरेदी विभागातला प्रत्येक माणूस हे जाणतो. तिसरं कोटेशन कुणी घ्यायचं नसतं, ते असावं लागतं. म्हणून मीही एक तिसरं आणलं, विंडोजच्या आत लिनक्सचा वेगळा संसार थाटून त्यात पर्ल चालवणारं, जे आम्हाला कुणालाच नको होतं. बाबांना ते बघून समाधान वाटलं.

रविवारी टेबलावर बैठक बसली. बाबा अध्यक्ष, दादा तांत्रिक सदस्य, आई वित्त सदस्य, आणि मी पार्टी, म्हणजे माल खपवायला आलेली. बाबांनी तिन्ही भाव वाचले. शून्य, शून्य, शून्य. मग ते परत एकदा वाचले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर तीन एल-वन होते आणि पुढे काय करायचं याला नियम नव्हता.

"भाव सारखा असेल तर विक्रीपश्चात सेवा बघतात," शेवटी ते म्हणाले. "सुहास, बिघडलं तर फोन कुणाला करायचा?"

"कंपनीच्या पर्लला कंपनी आहे," दादा म्हणाला. "आमच्या ऑफिसात सगळीकडे तेच आहे. स्ट्रॉबेरी हौशी लोकांनी केलंय, बाबा. उद्या कंटाळले तर सोडून देतील. आणि नाव बघा ना. आइस्क्रीम आहे का ते?"

"हे नाव कागदावर कसं लिहिणार," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खरंच मान हलवली.

"नावाने काय काम करायचंय?" माझा आवाज चढला. "कंपनीकडे ते मॉड्यूल नसलं तर? दादा, तू बघितलंस का आहे का ते?"

"नसलं तर मागवू यार. रिक्वेस्ट टाकायची असते. असंच काम करतात ऑफिसात."

"मग दोन्ही टाका. एका मशीनवर दोन राहतात."

"राहतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात," दादा म्हणाला. "तू 'पर्ल' म्हणणार एकाला, ओ देणार दुसरं. मग माझ्याकडे रडत येणार."

हे त्याचं खरं होतं. तेवढंच खरं होतं. बाबांनी कंपनीच्या पर्लच्या बाजूने निर्णय दिला. मी माझी पोह्यांची बशी तशीच सरकवली, आखूड पायाखालचा पुठ्ठा निघाला आणि टेबल कलंडून चहा बाबांच्या पेपरवर गेला. आईने निमूट फडकं आणलं. दादा म्हणाला, "बघा, ही कस्टमरशी अशीच वागणार." मी त्या दिवशी जेवले नाही. आईने संध्याकाळी माझ्यासाठी थालीपीठ लावलं आणि ते मी खाल्लं, पण बैठकीच्या खोलीत नाही.

दादाने त्याच्या पासवर्डने कंपनीचं पर्ल बसवलं. ते चांगलं होतं, हे मी कबूल करते. गुळगुळीत, सुटसुटीत. त्याच्यावर मी अक्षरं बदलण्याचा सगळा प्रोग्रॅम लिहिला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असायची, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. रफाराचं बरोबर उलट. असे शेकडो नियम. ते जमले. पण फायलीतून मजकूर काढणारं मॉड्यूल भांडारात नव्हतं. चूक कंपनीची नव्हती, जगात इतकी मॉड्यूलं आहेत की सगळी कोण दळून ठेवणार. दादाने रिक्वेस्ट टाकली. मी रोज संध्याकाळी विचारायचे, तो रोज म्हणायचा, "येईल ना, जरा पेशन्स ठेव." मी म्हणाले, स्ट्रॉबेरी टाक. तो म्हणाला, "एकदा ठरलंय ते ठरलंय." बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले की मंजूर झालेली पार्टी पुरवठा करत नसेल तर आधी स्मरणपत्र पाठवायचं असतं. अतिथीगृहात साहेब येऊन उतरले होते. परीक्षेच्या आधीचा फक्त एक आठवडा उरला होता.

मी प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेतला आणि बस पकडून आर. के. पुरमला गेले. मुजावर काकांच्या मशीनला पासवर्ड नव्हता.

"काका, तुमच्या मशीनवर मला एक गोष्ट टाकू द्या. काम आज होईल."

"इथे? घरच्या मशीनला काय झालं?"

"घरच्या मशीनला समिती आहे."

काका मोठ्याने हसले. पण मग म्हणाले, "माझा सगळा धंदा यात आहे, पोरी. बिघडलं तर?"

"बिघडलं तर आयुष्यभर तुमचं टाइपिंग मी फुकट करीन. नाही बिघडलं तर इथून पुढची सगळी कामं माझ्याकडे. दुसऱ्या कुणाकडे एक पान नाही."

"अगं, हा सौदा आहे की धमकी?"

"तुम्ही ठरवा."

त्यांनी खुर्ची मला दिली. स्ट्रॉबेरी उतरायला अख्खी दुपार गेली, तेव्हा इंटरनेट तसंच होतं. तोवर काकूंनी ज्वारीची भाकरी आणि खिमा केला. ज्वारीचं पीठ दिल्लीत मिळायचं नाही, ते साताऱ्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पिशवीत असायचं, आणि काकू ते फार राखून वापरायच्या. माझ्यासाठी त्यांनी भाकरी केली याचा अर्थ मला तेव्हा समजला नव्हता. भाकरी थापण्याचा आवाज येत होता आणि इकडे मी कंपायलर सुरू केला. काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. मशीनचा पंखा घरघरू लागला. काकू हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या.

"हे चिडलंय का कुणावर?"

"दळतंय, काकू."

"मग दळू दे. तू चल, भाकरी गार होतीये."

जेवून आले तेव्हा मॉड्यूल तयार होऊन बसलं होतं. पहिली पुस्तिका शेळीपालनाची होती. मी प्रोग्रॅम चालवला, फाइल उघडली. काकांनी चष्मा पुसला, फॉन्ट बदलून बघितला, परत बदलून बघितला. मजकूर जागचा हलला नाही. मग त्यांनी पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला, शेळीला कोवळा पाला कधी द्यावा आणि कधी देऊ नये याविषयीचा, अगदी हळू, एकेक शब्द हाताने चाचपून बघितल्यासारखा. वाचून झाल्यावर काकूंना म्हणाले, "सगळं जसंच्या तसं राहिलं गं." अंधार पडायच्या आत सगळ्या पुस्तिका झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काका त्या कोपर्निकस मार्गावर देऊन आले आणि साहेबांनी ठेवून घेतल्या.

संध्याकाळी काका स्वतः आमच्या घरी येऊन बाबांना सांगून गेले. ते गेल्यावर बाबांनी टेबलाशी जेवताना मला विचारलं, "कशावर केलंस?"

"स्ट्रॉबेरीवर."

"म्हणजे मंजूर न झालेल्या वस्तूवर." ते रागावले नव्हते. त्यांना अडचण वाटत होती. "याला कार्योत्तर मंजुरी लागेल. त्याला तांत्रिक सदस्याची शिफारस लागते. सुहास?"

दादाने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तो ताटातल्या वरणात बोट फिरवत बसला. "एकदा चाललं म्हणून बरोबर ठरत नाही, बाबा. मला नीट बघावं लागेल."

"मग परीक्षेचं..." बाबा म्हणाले.

तेव्हा आई बोलली. इतक्या वर्षांच्या बैठकांत तिने फडकं आणण्यापलीकडे काही केलेलं मला आठवत नाही. "मी पण सदस्य आहे ना? माझी शिफारस घ्या."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?" दादा म्हणाला.

"तुझं पर्ल पिठाची वाट बघत बसलं होतं आणि हिचं दळून मोकळं झालं, एवढं कळलं. वाढू का भात?"

बाबांनी भात घेतला. मग म्हणाले, "ठीक आहे. मुजावरसाहेबांनी काम स्वीकारलं, अट पुरी झाली. परीक्षा नाही." आणि मी श्वास सोडते न सोडते तोच पुढे म्हणाले, "पण हे स्पष्ट असू दे की निवड सुहासचीच योग्य होती. प्रक्रियेप्रमाणे तीच होती."

दादाने मान वर केली. आजही लग्नकार्यात भेटला की तो हे वाक्य लोकांना सांगतो, बाबांच्या आवाजात. "नंदूला पहिलं पर्ल मीच लावून दिलं," असंही माझ्याकडे बोट करून जोडतो. लोक हसतात. मी हसत नाही, आणि मी का हसत नाही हे त्याला अजून कळलेलं नाही.

परीक्षेचा रविवार उजाडला. बाबा सवयीने लवकर उठून तयार झाले होते, मला परीक्षेला सोडायचं म्हणून त्यांनी मनात वेळ काढून ठेवलेला असणार. स्कूटर खाली काढून ते तिच्याशेजारी उभे राहिले. मला काकांकडे पुढच्या कामासाठी जायचं होतं. "आर. के. पुरमला ना?" ते म्हणाले. "बस." वाटेत धुकं होतं. काकांच्या इमारतीच्या फाटकाशी त्यांनी स्कूटर थांबवली, हेल्मेट काढलं नाही, आणि समोर बघत म्हणाले, "घरच्या मशीनवरचं ते कंपनीचं काढून टाक. तुझं ते घाल. दोन ठेवू नकोस. सुहासला मी सांगेन."

संध्याकाळी घरी गेले तेव्हा पासवर्ड काढून मशीन माझ्यासाठी मोकळं केलेलं होतं. त्यांनी दादाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, दोघंही त्याबद्दल कधी बोलले नाहीत. स्ट्रॉबेरी मी त्याच रात्री घातली आणि त्यावर पुढची कितीतरी वर्षं भाकरी खाल्ली. लोक म्हणतात, बाबा तुझ्या बाजूने होते, आता तरी सोड. मी सोडत नाही. जे फाटकाशी, हेल्मेटच्या आतून, स्कूटरचं इंजिन चालूच ठेवून ते म्हणाले, ते त्यांनी टेबलावर, दादासमोर म्हणायला हवं होतं. त्यानंतर किती रविवार आले, किती बैठका झाल्या, बाबा गेले त्यालाही आता काळ लोटला. टेबलावरचं वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही.